पाकिटांतून निघालेली एकशे अकरा माणसे

मी व्हर्ना हॉल्डमन, वय चौऱ्याहत्तर, राहणार शमोकिन, पेन्सिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण पुतण्या क्लाइड तो मागेलच. माझे पती एमेट गेल्या नोव्हेंबरात वारले.

१. घर, गाडी व बँकेतली शिल्लक क्लाइडला द्यावी. दुसरा नातलग नाही, एवढीच त्याची पात्रता.

२. बेसबॉल खेळाडूंची एकशे अकरा कार्डे, १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली, क्लाइडला देऊ नयेत. एमेटनी एकदा विश्वासाने एक कार्ड त्याच्याकडे दिले होते. त्याने झिजलेल्या कडा कातरून आणल्या. "काका, बघा, कसं कोरं करकरीत दिसतंय! कुणीही फसेल." कातरलेल्या कार्डाला बाजारात किंमत उरत नाही. एमेटनी पट्टीने मोजले, कार्ड आखूड भरले, तेव्हा म्हणाले, "फसेल तो तुझ्याइतकाच शहाणा असेल." दफनाच्या दिवशी तोंडात सँडविच असताना याने मला विचारले, "काकू, ती पेटी कुठंय? तुला काय कळतंय त्यातलं?"

३. कळत नव्हते, हे खरे. चाळीस वर्षे मीही "झाला का पोरखेळ?" म्हणून हिणवत आले. ते गेल्यावर त्यांच्या वह्या वाचल्या. प्रत्येक चेहऱ्यामागचा माणूस त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांतून शोधून काढला होता: कोण पुढे खाणीत गेला, कोणी मोडक्या बोटाने हंगाम काढला, कोणी लग्नासाठी संघ सोडला.

४. कार्डे व वह्या ग्रंथालयातल्या डोलोरेस स्टकीला द्याव्यात. जुने अंक तिनेच काढून दिले, आणि भांडलीही तीच: "अहो एमेट, तो डावखुरा नव्हताच. चित्र उलटं छापलंय!" तिने कार्डे प्लास्टिकात कोंडू नयेत. हात धुऊन येईल त्याला पाहू द्यावीत. क्लाइडलाही, खिसे तपासून.

५. एमेटच्या यादीत एकशे बारा कार्डे आहेत. होबार्ट फीनी या खेळाडूचे, सर्वांत दुर्मीळ कार्ड पेटीत नाही. क्लाइडने डोलोरेसवर आळ घेऊ नये. एमेटनी ते फीनीच्या लेकीला टपालाने पाठवले. वडील खेळायचे हे तिला माहीतच नव्हते. मागच्या महिन्यात मी तिला फोन केला. "कार्ड ना? फ्रिजवर लावलंय, बाई. येता-जाता बाबा दिसतात," ती म्हणाली. "चिकटपट्टीनं, चारही कडांना. आता हलायचं नाही."

हे कलम क्लाइडला दोनदा वाचून दाखवावे.

मजकूर माझाच आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

व्हर्ना हॉल्डमन
साक्षीदार: लॉइड क्रेसगी, मर्टल बेंडर
शमोकिन, ९ एप्रिल १९९१