वास खरा, घर चुकलं

आई, तुझं नाक माझ्याकडे आलंय आणि त्यावरच माझं पोट चालतं, हे तुला सांगायचं राहून गेलं. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्याहून वयाने मोठी आहे, पण काम तुझंच करते: कुणाच्या घरात काय शिजतंय ते लांबून ओळखायचं. फरक एवढाच की माझं शेजारघर म्हणजे अख्खी मुंबई. थंडीत उत्तरेचा वारा सुटला की शहराची हवा पाणी ओलांडून आपल्या रेवसला येते. इथे एका गच्चीवर आम्ही नळी लावली आहे. तिच्यातून हवा आत ओढली जाते आणि यंत्र त्यातला कार्बन डायऑक्साइड, मिथेन मोजतं. मग संगणकावर वारा उलटा चालवायचा. हवा कुठून कुठून फिरून आली ते कळतं, आणि शहराच्या कुठल्या भागातून किती वायू निघाला असेल याचा अंदाज बांधता येतो. आता गच्ची कुणाची, ते ओळख. शेजारच्या काकीची! यंत्र वर चढवताना ती जिन्यात उभी राहून म्हणाली, "तुझ्या आयशीला नुसतं नाक पुरायचं गो. तुला येवढं धूड लागतं?" बरोबरची पोरं खो खो हसली. मीही हसले आणि लगेच डोळे भरून आले, कारण त्या घरात तुझी आठवण इतक्या सहज निघेल असं एके काळी वाटलं नव्हतं.

तो श्रावण आठवतो ना? तू चुलीपुढे बसली आहेस. झावळ्या ओल्या, धूर मरणाचा, आणि तू खोकतेस. फुंकणी मारता मारता थांबतेस, नाक वर करतेस. "सुके बोंबील भाजतंय कोनतरी." मागच्या दारात जाऊन ठरवूनच टाकतेस की वास काकीकडचा. काकीने तर नवऱ्याच्या दुखण्यासाठी सगळा श्रावण पाळायचा नवस बोललेला. पण तू कसली थांबतेस! विहिरीवर कळशी भरता भरता चारचौघींत बोलून मोकळी होतेस, आणि काकी रडत घरी जाते. संध्याकाळी कळतं की बंदरात नांगरलेल्या होडीवर परगावचे खलाशी बोंबील भाजत होते आणि वारा तिकडून येत होता. मला वाटलं, आता तू गप्प बसशील. पण दुसऱ्या दिवशी तू पदर खोचलास, मला हाताला धरून विहिरीवर नेलंस आणि सगळ्यांसमोर काकीला म्हणालीस, "माझंच चुकलं. वास खरा व्हता, घर चुकलं." मला हसू फुटलं. घरी आल्याबरोबर तू फुंकणी उगारलीस. "हसतेस काय? कुनाचं नाव घ्यायच्या आधी वारा कुठला हाय ते बघायचं. आन् मग घ्यायचंच तर मोठ्यांदा घ्यायचं."

गेल्या थंडीत मला ते फार उपयोगी पडलं. शहराच्या कचऱ्याच्या डोंगरातून किती मिथेन निघतो याचा एक आकडा महापालिकेच्या कागदावर होता, आणि आमचा त्याहून कितीतरी मोठा आला. आमचा टिकला असता तर त्यांना तो डोंगर मातीने झाकून आतला वायू ओढून घ्यावा लागला असता. नाही टिकला तर पुढची कित्येक वर्षं त्याचं कुणी नाव काढलं नसतं. मी त्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊन आले होते. तिथे एका बाईने मला चहा दिला आणि देता देता खोकली. अगदी तुझा खोकला, आई, तुला घेऊन गेला तोच. त्यामुळे आमचा आकडा खरा निघावा असं मला आतून वाटत होतं, आणि त्याचीच मला धास्ती बसली.

महापालिकेबरोबरची बैठक तोंडावर आलेली असताना आलेख पुन्हा पाहायला बसले, तर मोठी मापं ओहोटीच्या वेळी जास्त दिसली. कपाळावर हात मारला. आमच्या संगणकातल्या नकाशात आपली खाडी सदा भरलेलीच! ओहोटीत लाँचची वाट बघत धक्क्यावर ताटकळलेल्या माणसाला विचार, तिथे पाणी असतं की चिखल. त्या चिखलातूनही तोच वायू निघतो. चिंबोऱ्यांसाठी त्यात गुडघाभर रुतत मी वाढले, तरी माझ्या लक्षात आलं नाही. ओहोटीचे सगळे तास काढून टाकले आणि पुन्हा मांडणी केली. आमचे साहेब तडकले, "आता? ऐन वेळी?" म्हटलं, "हो, आत्ताच." आकडा खाली आला. पण त्यांच्या आकड्याच्या बराच वर राहिला, आणि मग मात्र मी शांत झोपले.

बैठकीत त्यांचे अधिकारी गोड हसून म्हणाले, "मॅडम, वास तुमच्या खाडीचा आणि नाव आमचं?" मी याचीच वाट बघत होते. "खाडी वजा केली आहे, साहेब. उरलंय ते तुमचं." मी मोठ्यांदा म्हणाले, आई, मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू गेलं. त्यांनी कागद उलटेपालटे केले, नेमके प्रश्न विचारले, आणि शेवटी काम मंजूर केलं. आता तिथे माती पडायला लागली आहे. येत्या थंडीत ते मला इथल्या हवेत दिसेल, याची मला खात्री आहे.

काकी अजून रोज संध्याकाळी गच्चीखालच्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापवते, झावळ्या घालून. गॅस घरात आहे, मी कितीदा ओरडले, पण तिला गॅसवरच्या पाण्याने आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. तिचा धूर नळीत शिरतो आणि यंत्रावरची रेघ उसळी मारते. ती हवा शहराची नाही, म्हणून ते माप पुसायचं असतं, आणि मी ते नेमाने पुसते. हे पत्र मात्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा तुला म्हणून सांगते. पुसायच्या आधी मी गच्चीवर जाऊन नाक वर करून उभी राहते. ओल्या झावळ्यांचा धूर येतो, खाली कुणीतरी खोकतं. घर चुकलंय हे मला माहीत असतं, तरी मी पुसायला लगेच खाली येत नाही.