मुखपृष्ठ फाडलेले पुस्तक

मी, वितोरे मार्काय, वडिलांचे नाव पाल, वय वर्षे अडुसष्ट, शाळेच्या ग्रंथपाल पदावरून निवृत्त, राहणार लुश्न्या, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण नाही, भीती आहे. पुढील मंगळवारी राजधानीत, तिरानाला, माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. पण त्याहून जास्त भीती मला कलम चारची वाटते, म्हणून ते शेवटी ठेवले आहे.

१. शिवणयंत्र माझा भाऊ न्दोत्स याच्या बायकोला द्यावे. तीस वर्षे ती म्हणत आली, "वन्सं, तुम्हाला कुठं शिवता येतं?" तिचे खरे आहे. यंत्र घ्यावे आणि आता तरी गप्प बसावे.

२. ऑलिव्हची अकरा झाडे न्दोत्सला. घर त्याला नाही. त्याने कोर्टात जाण्याआधी पुढचे वाचावे.

३. माझी सर्व पुस्तके शाळेला. अट एकच. मधल्या सुट्टीत जे मूल एकटे वाचनखोलीत येईल त्याला "बाहेर जाऊन खेळ" असे सांगू नये, एकटे का म्हणून विचारू नये. पुस्तक द्यावे आणि त्याची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पाठीमागे कोणी उभे नसले की मूल वाचते.

४. राहते घर, सामानासह, झाना तोपाली हिला द्यावे. ती माझी नातेवाईक नाही. कारण पुढीलप्रमाणे.

१९६६ साली माझ्या वडिलांना सरकारविरोधी म्हणून पकडून नेले आणि आम्हाला उत्तरेकडच्या श्कोदर शहरातून इकडे सपाटीवरच्या एका खेड्यात आणून टाकले. मी दहा वर्षांची होते. माझ्याशी बोलायचे नाही, असे मुलांना घरून बजावलेले होते. बाकावर मी एकटी बसे. माझी पेन्सिल पडून घरंगळली तर मुले पाय वर घेत. मधल्या सुट्टीत मी बाकाच्या लाकडातल्या गाठी मोजत बसे. सतरा होत्या.

झानाची आई, नेरिमान बाई, आम्हाला भाषा शिकवत. एक दिवस वही तपासून परत देताना त्यांनी वहीत एक पातळसे पुस्तक सरकवले. जुन्या काळातले, बंदी असलेले. म्हणून मुखपृष्ठ फाडलेले. ओठ न हलवता म्हणाल्या, "वाच, वितो. कुणी पकडलं तर सापडलं म्हणायचं. माझं नाव नको."

गोष्ट एका दीपगृहवाल्याच्या मुलीची होती. गावातली मुले तिला खेळायला घेत नसत. चौथ्या पानावर ती वर्गात बसून बाकावरच्या गाठी मोजते. ते वाचले आणि मी बाकावरचा हात चटकन उचलला, कोणीतरी बघते आहे असे वाटून. त्या शाळेत कोणीतरी बघते आहे असे वाटूनही भीती न वाटण्याची ती पहिलीच वेळ.

अकरा दिवस मी वाचत होते. अर्धे झाले. बाराव्या दिवशी दप्तरे तपासली.

मुख्याध्यापकांनी खोलीचे दार लावून घेतले.

"कुणी दिलं?"

"सापडलं."

"कुठं?"

मी लावलेल्या दाराकडे पाहिले.

"तुझा बाप जिथं आहे ना, तिथं थंडी फार. पांघरूण एकच मिळतं. तेही काढून घेता येतं."

मी नाव सांगितले. आडनावासकट सांगितले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. त्यांना आठ वर्षे डोंगरातल्या खाणीवर पाठवले. झाना तेव्हा दोन वर्षांची. आजीने तिला वाढवले. माझे वडील त्याच हिवाळ्यात गेले. पांघरुणाचे काय झाले ते मला कधी कळले नाही.

बाई वारल्यानंतर झाना या गावात राहायला आली; शाळेच्या ग्रंथालयात ओळख झाली, पण नाव सांगणारी मुलगी मीच, हे तिला ठाऊक नव्हते. वीस वर्षे दर रविवारी ती माझ्याकडे कॉफीला येत होती. आईबद्दल बोलायची; मी मान डोलवायचे.

माझ्यामागे तिने हे वकिलाच्या तोंडून ऐकावे, हे मला सहन होईना. सहा ऑक्टोबरला, रविवारी, मी हे कलम तिला स्वतः वाचून दाखवले. तिने कप खाली ठेवला.

"आई शेवटपर्यंत विचारायची," ती म्हणाली. "'त्या पोरीचं पुस्तक अर्धंच राहिलं. पुढं कुणी तिला वाचायला दिलं असेल का गं?' मी म्हणायचे, मला काय ठाऊक, कोण पोरगी."

तिने कोट घेतला. जिन्यात पावले एकदा थांबली, मग उतरून गेली.

त्यानंतर तीन रविवार झाले. कलम आहे तसेच राहील. तिने घर नाकारले तर ते शाळेला जावे. स्वीकारले तर माझ्यासाठी काहीही करण्याचे बंधन तिच्यावर नाही. थडग्यावर फूलसुद्धा नको. दार वाजले की मी कडीवर हात ठेवून थांबते. ती असली तर काय बोलू, आणि ती नसली तर.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे. सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

(सही) वितोरे मार्काय

आमच्यासमोर सही केली:
१. बार्धिल गोगा, औषधविक्रेते, खालचा मजला
२. एलेनी प्रिफ्ती, निवृत्त शिक्षिका

स्थळ: लुश्न्या
दिनांक: २८ ऑक्टोबर २०२४