लेकीला आणायची गाडी

श्रीमान रामप्रसादराव व्याहीबुवा यांना बंकटचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हाताला ग्रीस आहे, कागदाच्या कोपऱ्यात अंगठा उठलाय तो त्याचाच. नमस्कार मात्र स्वच्छ आहे.) विहीणबाईंच्या गुडघ्याला आराम पडला का? डॉक्टरांचं औषध चालू ठेवून वरून निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधावा, असं मी सांगितलं होतं. बांधला असेल तर कळवावं, नसेल बांधला तर कावून नाही बांधला तेही कळवावं. म्हशीचं पारडू बरं आहे ना? जावई लखनराव यांना आशीर्वाद. आमच्या मोहिनीचे पाय सुजतात असं कळलं. तिला खाली पाय सोडून बसू देऊ नये. सातवा लागलाय, तुम्हाला मी काय सांगावं, तुम्ही चार नातवंडं खेळवलेली माणसं.

पत्र लिहिण्याचं कारण तुमचा पंधरा दिवसांपूर्वीचा फोन. तुम्ही म्हणाला, ‘‘बंकटराव, पोरीला घ्यायला तुमी येऊ नका. लखन आणून सोडील. तुमची गाडी जरा...’’ अन् तिथंच थांबून तुम्ही विचारलं, तिकडं पाऊस कसाय. मी पावसाचं सांगितलं. पण ‘जरा’ च्या पुढं काय, ते राहूनच गेलं. मी पंपाच्या मोटारींचं वायंडिंग करणारा माणूस आहे, कुणाच्या हाताखाली न शिकता जळालेल्या मोटारी उघडून शिकलो. तारेचं एक टोक जरी मोकळं राहिलं तरी मला जेवण गोड लागत नाही. तेव्हा ते टोक या पत्रात जोडून टाकतो. फोनवर जोडलं असतं, पण फोनवर तुम्ही मधे बोलता.

पहिल्यांदा लग्नातलं बोलू. तुमच्या दारात आमची गाडी बंद पडली असं तुमच्या भावकीत अजून सांगतात, ते चूक आहे. गाडी बंद पडली नव्हती, ती मीच बंद केलती. नंतर ती चालू झाली नाही, ही वेगळी गोष्ट. लोकांनी धक्का मारला त्याबद्दल मी तेव्हाच आभार मानले होते. पण निम्मे लोक पुढून ढकलत होते अन् निम्मे मागून, अशानं नवी गाडीसुद्धा जागची हलली नसती, हेही खरं आहे.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडं पहिलटकरीण लेकीला बापानं स्वतः जाऊन आणायची असते. ओटी भरतात, आयाबाया दारात उभ्या राहतात, बाप गाडीचं दार उघडतो अन् लेक बसते. (आमच्या गाडीचं मागचं दार बाहेरूनच उघडतं, म्हणजे बाप लागतोच.) मोहिनीच्या आईला, रतनबाईला, आणायला तिचे वडील मेंढ्या भावाच्या हवाली करून तीन गावं पायी चालत आले होते, अन् जाताना एस.टी.त लेकीला खिडकीशी बसवून स्वतः दाराशी उभे राहिले. त्यांच्याकडं गाडी नव्हती, म्हणून काही माझ्या वडिलांनी त्यांना येऊ नका म्हटलं नाही. माझ्याकडं गाडी आहे म्हणून तुम्ही येऊ नका म्हणता. रागानं लिहीत नाही, फक्त तुमच्या नजरेस आणतो.

तुमचा फोन ठेवला अन् मी गाडीकडं नव्या नजरेनं बघितलं. खोटं कशाला बोलू, काळजी मलाही वाटली. तुमच्याकडून येताना मांजरसुंब्याचा घाट उतरायचा असतो अन् मागं मोहिनी बसलेली असणार. गाडीत जे जे बिघडलं ते मी स्वतः नीट केलंय, दुसऱ्याचा पाना तोवर लागू दिला नव्हता. त्या दिवशीची तिची तऱ्हा सांगतो. किल्लीचं स्विच गेलं तेव्हा पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरची बटणं बसवली, हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. शाळेतलं पोरगंसुद्धा चालू करील. किल्लीनं आता फक्त डिकी उघडते. काचेला बाभळीची पाचर आहे, ती मी तासून, तेल पाजून बसवलीय, ऐन पावसाळ्यातसुद्धा ती फुगत नाही. डावीकडं वळताना हॉर्न आपोआप वाजतो. हे मी मुद्दाम केलेलं नाही, पण डावीकडच्या माणसाला त्याचा फायदाच आहे. गाडी तापून बंद पडली तर बॉनेटखालच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकून थोडं थांबायचं, की मग ती पुन्हा गुमान चालते. (मागचं शीट सध्या ओलं आहे. ते फडक्यामुळं नाही अन् टपातूनही गळत नाही. कारण घरगुती आहे.)

तर दुरुस्त करावी का बदलावी, हे ठरवायला मी ती बीडला चाँदभाईकडं नेली. चाँदभाई माझे जुने दोस्त, मिस्तरी माणूस, आता हात मुलाचा चालतो अन् जीभ त्यांची. मुलगा जाकीर यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं, अन् हाक मारली, ‘‘अब्बा, जरा इधर आओ.’’ (हा दुसरा ‘जरा’.) चाँदभाई चष्मा लावून वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, ‘‘बंकट, ये गाडी हय के बोअरवेल?’’ मी म्हणालो, हसू नका, रोग काय ते सांगा. तर म्हणाले, ‘‘इंजन अच्छा हय. ब्रेक करना पडेंगा. गाडी दुरुस्त होती. पन पैले तूने करी सो दुरुस्ती निकालना पडती.’’ शेजारी पंक्चर काढायला आलेली माणसंसुद्धा हसली. ‘‘कावून हसता बे?’’ म्हणून मी बॉनेट आपटलं (ते दोनदा आपटावं लागतं), अन् तिथून जो निघालो तो थेट नव्या गाडीच्या दुकानात गेलो.

दुकानात एसी होता. टाय घातलेल्या एका पोरानं मला ‘सर’ म्हणून पाणी दिलं अन् गाडी दाखवली. गाडी चांगली होती, नावं ठेवणार नाही. दार उघडं राहिलं की ती बोलते, पट्टा नाही लावला की ओरडते, मागं घेताना टीव्ही दाखवते. मी म्हणालो, बॉनेट उघडा. त्यानं उघडलं. आत सगळं काळ्या झाकणाखाली. मी म्हणालो, हे झाकण काढा. तो म्हणाला, सर, ते आपण काढायचं नसतं, काढलं तर वॉरंटी जाते. मी विचारलं, मग आत काही झालं तर? ‘‘आम्हाला फोन करायचा सर.’’ अन् घाटात रेंज नसली तर? त्यावर त्यानं मला पुन्हा पाणी दिलं. व्याहीबुवा, ज्या गाडीत मालकानं पाहुण्यासारखं बसायचं, ती गाडी मला कशी मानवणार? तरीही मोहिनीचा विचार करून मी मन घट्ट केलं. घेऊन टाकू म्हटलं. फक्त आधी जुनी विकू.

सिदू नावाचा जुन्या गाड्यांचा एजंट आला. त्याला मी गाडीचं सगळं तंत्र समजावलं, हिरवं बटण, लाल बटण, ओलं फडकं, पाचर. तो मोबाइलवर होता, पण मान हलवत होता. व्यवहार झाला. मग त्यानं किल्ली मागितली, अन् रतनबाई पुढं आली. तुम्हाला माहितीच आहे, ती धनगरवाड्यावर वाढलेली. जनावर विकलं तरी दावं विकायचं न्हाई, दावं गेलं तर गोठ्यातली बरकत जाते, हे ती दुधाबरोबर प्यालीय. आमच्या गोठ्यात एका खुंटीला विकलेल्या सगळ्या जनावरांची दावी टांगलेली आहेत. तिनं गाडीला हळदकुंकू लावलं, बॉनेटवर भाकरीचा तुकडा ठेवला अन् सिदूला म्हणाली, ‘‘किल्ली म्हंजी दावंच की. ती देत नसत्यात.’’ सिदू म्हणाला, ‘‘मामी, आवं गाडीला दावं नस्तंय.’’ ती म्हणाली, ‘‘किल्लीबगर चालती ना? मंग न्या.’’ अन् किल्ली नेऊन खुंटीला टांगली. सिदू हिरवं बटण दाबून गेला. आम्ही दोघं दारात उभे होतो. वळणावर गाडी डावीकडं वळाली अन् हॉर्न वाजला. रतनबाई आत जाऊन बसली. मी मोटारीची एक कॉइल भरायला घेतली अन् चुकीच्या दिशेनं गुंडाळली. (असं पूर्वी कधी झालेलं नाही.)

नारायणगडाच्या फाट्यावर शेरडं आडवी आली. सिदूनं हॉर्न म्हणून लाल बटण दाबलं. गाडी बंद. उन्हाची वेळ, इंजिन तापलेलं, ओलं फडकं त्याला आठवेना, मी चारदा सांगूनही. त्यानं हिरवं बटण दाबून दाबून बॅटरी उतरवली, मग एक ट्रॅक्टरवाला गाठला, अन् ऊन कलायच्या आत गाडी आमच्या दारात परत. पुढं ट्रॅक्टर, मधे नवा कोरा कासरा, मागं गाडी, अन् गाडीत घामानं भिजलेला सिदू. उतरला अन् हातच जोडले. ‘‘मामा, हे जनावर तुमचंच हाय. दुसऱ्याचं ऐकत न्हाई. माझा इसार माघारी द्या अन् मला मोकळं करा.’’ मी काही बोलायच्या आत रतनबाईनं कासऱ्याला हात घातला. म्हणाली, ‘‘बघा, दावं घिऊन आली.’’ आता आमच्यात असं आहे, की विकलेलं जनावर आपल्या पायानं माघारी आलं तर ते पुन्हा बाजार दाखवायचं नसतं. ती आपल्या पायानं आलेली नाही, ट्रॅक्टरच्या पायानं आलीय, हे मी सांगून बघितलं. उपयोग झाला नाही. खरं सांगायचं तर मी फार जोर लावून सांगितलंही नाही. ट्रॅक्टरवाला मात्र कासरा मागत बराच वेळ दारात उभा होता. शेवटी त्याला दुसरा दिला.

राहिला घाट. तो काही हळदकुंकवानं सपाट होत नाही. दुसऱ्या दिवशी मी गाडी पुन्हा चाँदभाईकडं नेली अन् म्हणालो, माझं जे जे आहे ते काढा. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. बापलेकानं माझी एकेक दुरुस्ती काढून पोत्यात टाकली, अन् प्रत्येक वस्तू काढताना चाँदभाई विचारायचे, ‘‘ये क्या सोचके लगाया?’’ अन् मी सांगायचो. पोतं अर्धं भरलं. आता ब्रेक नवे, पाइप नवे, काच हातानं वर जाते, अन् दाबल्याशिवाय हॉर्न वाजत नाही. हिरवं बटण तेवढं राहिलं. जाकीर किल्लीचं स्विच बसवणार होता, पण किल्ली रतनबाई खुंटीवरून काढू देईना. चाँदभाई बटणाकडं बघून म्हणाले, ‘‘रहने दे रे. ये एकच अच्छा किया इसने.’’ एवढं प्रशस्तिपत्र मला पुरे आहे.

तेव्हा ‘जरा’ च्या पुढं काय, याचं उत्तर असं, की आमची गाडी जरा जुनी आहे, बाकी ठीक आहे. येत्या गुरुवारी मी येतो. विहीणबाईंनी ओटीची तयारी ठेवावी. जेवणाचा घोळ घालू नये, पिठलंभाकरी पुरे. लहानांना पापे, मोठ्यांना दंडवत.

आपला,
बंकट

ता. क. ब्रेक आता दाबल्या जागी लागतात. मला गेली कैक वर्षं आधीच्या झाडापासून दाबायची सवय. तेव्हा मी तुमच्या दारात न थांबता अलीकडं, पिंपळाशी थांबलो, तर त्याचा वेगळा अर्थ काढू नये.

ता. क. २. मूळ विनंती लिहायची राहिली. परत निघताना लखनरावांनी त्यांची गाडी घेऊन मागं मागं यावं, घाट उतरेपर्यंत. कपिलधारला दर्शनाला निघालोय म्हणावं. मोहिनीला दिसू नये एवढं अंतर ठेवावं. भावकीत कुणाला बोलू नये. कासरा आणायची गरज नाही, तो माझ्या डिकीत आहे. (डिकी दोरीनं बांधलीय, किल्ली खुंटीला आहे.)

ता. क. ३. मागचं शीट त्या दिवशी कोरडं असेल, ही माझी जबाबदारी.

व्याहीबुवा, रामराम. मी रतन. पत्र टाकायला मीच चाललेय म्हणून उघडून वाचलं. लखनरावांनी मागं यायचं काई मनावर घेऊ नका. शीट कावून ओलं हाय ते हे सांगनार न्हाईत, मी सांगते. गाडी चाँदभाईकडून आल्यापसून रोज सकाळी मागच्या शिटवर पान्यानं काठोकाठ भरलेली कळशी ठिवून फाट्यापस्तोर जाऊन येत्यात. म्हनत्यात, पोरगी बसनार हाय, हिसका बसाया नको. आदी घरी येईपस्तोर निम्मी सांडायची. मग पाव. काल थेंबबी सांडला न्हाई. त्याच पान्याचा च्या केला. तुमी दारात हुबे ऱ्हावा, त्यान्ला एकट्यालाच येऊ द्या.