चाकं आणि वीणा

आप्पा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुमच्याच हट्टानं गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो, पण माझ्या हातचं एक पत्र तुम्हाला कधी मिळालं नाही. शहरातल्या खडेबाजारातून आपल्या येळ्ळूरला पत्र कशाला लिहायचं, निघालं की दोन तासांत माणूस घरी. आज पूजा आटोपून दुकानाच्या फळ्या काढल्या आणि रंधा हातात घेण्याऐवजी कागद घेतला.

आपल्या छपराखाली मागच्या भिंतीला फणसाचे ओंडके असायचे. खानापूरच्या रानातून आणलेले, दोन्ही तोंडांना शेण फासलेले. तीन वर्षं सावलीत वाळल्याशिवाय त्यांना हत्यार लावायचं नाही, हा तुमचा दंडक. तोवर गावाची चाकं, नांगर, आणि वर्षाकाठी त्या फणसातून एखाद-दुसरी वीणा. मला चाकांचा कंटाळा. वीणेचा भोपळा आतून कोरत गेलं की लाकूड पातळ होत जातं, टिचकी मारता मारता एका क्षणी ते बोलायला लागतं. तेवढ्यासाठीच आपण सुतार झालो असं मला वाटे. चोविसाव्या वर्षी मी इथं फळीएवढी जागा भाड्यानं घेतली आणि यापुढं फक्त वीणा करणार म्हणून सांगितलं. आई रडली. तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, "कर की. पर सप्ता वर्सातनं एकदा, पोट रोज दोनदा. तेवढं ध्यानात ठेव."

मी ठेवलं नाही. तुम्ही दिलेलं वाळकं लाकूड पहिल्या वर्षातच संपलं. दुसऱ्या वर्षी घरात तान्हं पोर होतं आणि चूल एक वेळच पेटत होती. तेवढ्यात आपल्या गावच्या भजनी मंडळींनी सप्ताहासाठी नवी वीणा मागितली. मी घेतलेल्या ओंडक्याला जेमतेम वर्ष झालं होतं. तोच कोरला. वीणा गावी आणली तेव्हा तुम्ही ती हातात तोलून पाहिलीत. "वाळलंय न्हवं?" "व्हय," मी म्हणालो. तुम्ही वीणा परत माझ्या हातात दिलीत.

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, तसा धावत गाव गाठला. देवळात नामघोष थांबला आहे. चैत्राच्या उन्हानं भोपळ्याला वीतभर चीर गेली आहे, तार छेडली की फुटक्या घागरीसारखा आवाज येतो. आणि सप्ताह उठेपर्यंत वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. वीणा गळ्यात घेऊन पहाऱ्यावर उभा असलेला धिप्पाड शेतकरी रडवेला झाला आहे. तुम्ही त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसला आहात, लाकूड चिकटवायचा सरस महाप्रसादाच्या चुलीवर पातळ करून आणवला आहे, आणि वीणा गळ्यात असतानाच चिरेत भरता आहात.

"हालू नगंस रं."

"आप्पा, गुदगुल्या व्हत्यात वो."

"देवाच्या दारात हुबा हाईस आन् गुदगुल्या कसल्या? नाव घे!"

लोक हसले, टाळ वाजले, नामघोष पुन्हा सुरू झाला. तुम्ही चिरेवर कापडाचा धडपा चिकटवलात, सुतळी आवळलीत आणि सरस धरेपर्यंत भोपळा दोन्ही तळव्यांत दाबून बसलात. मी सरसाचं भांडं धरून उभा होतो. कुणीतरी विचारलं, काम कुणाचं? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आमचंच."

घरी येताना मात्र बोललात. "लेका, वीणेला भाकरी मागू नगंस. उपाशी हातानं तिला घाई व्हती. चाकाला माग. गाडीवाल्याला घाई असती, देवाला न्हाय." दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानापुढं गाडी थांबली. तिच्यात तीन वर्षं वाळलेले दोन ओंडके होते, आणि त्यांच्या उरावर चाकांसाठी बाभळीचा ढीग.

तेव्हापासून मी चाकं केली. कॅम्पातल्या साहेबांच्या खुर्च्या केल्या, निपाणीच्या तंबाखूवाल्यांच्या गाड्या केल्या. लढाईच्या दिवसांतही चूल दोन वेळ पेटली. पोरं शिकली. वर्षाला दोन वीणा, निवांत, वाळक्या लाकडाच्या. कुणी विचारलं तर मी सांगतो, चाकं पोटासाठी, वीणा देवासाठी. लोकांना ते आवडतं. माना डोलावतात.

परवा दुकानावरून तंबाखूची गाडी गेली. चाकं एका लयीत, कुठं धक्का नाही, कुरकुर नाही. आवाजावरूनच ओळखलं, माझीच, पंधरा वर्षांची. हातातलं काम टाकून मी कोपऱ्यापर्यंत तिच्या मागं चालत गेलो. गाडीवान वळून म्हणाला, "काय वो मेस्त्री, काय पडलं काय?" मी म्हणालो, "काय न्हाय, जावा." संध्याकाळी दिवा लावताना ध्यानात आलं की यंदा माझ्या हातून एकही वीणा झालेली नाही. देवापुढं बसून मनात चुकल्यासारखं वाटतं का ते चाचपलं. वाटत नव्हतं. त्या गाडीचाच आवाज कानात होता.

तुम्हालाही चाकं आवडत होती का, हे विचारायचं राहिलं. या पत्राला पत्ता नाही, म्हणून तर एवढं लिहवलं. उद्या कुणी विचारलं तर मी पुन्हा तेच सांगेन, चाकं पोटासाठी. ती मला आवडतात हे म्हणायला अजून लाज वाटते.