गप्प बाबांचं चरित्र

आसगाव,
११ मार्च १९८१

ती. सौ. चंद्रकलाबाईले धाकट्या भावाचा, टेकचंदचा नमस्कार. इकडे आई बरी आहे, म्हैस बरी आहे, मी ठीकच. तुझी कंबर कशी आहे ते कळव. (भाऊजीची विचारपूस रीतीप्रमाणे केली असं समज.)

बाई, मी मास्तर झालो हेच चुकलं. बाबांच्या वर्षश्राद्धाले त्यायचं छापील चरित्र वाटाचं, असं सेवकराम काकाजीनं ठरवलं अन् लिहाले मले धरलं. जो माणूस जन्मभर 'हूं'च्या पुढं गेला नाही, त्याचं चरित्र! गावात ज्याले विचारावं तो सांगते, "लय चांगला माणूस, इथंच बसे," अन् आपला ओटा दाखवते. बसाच्या जागा ढीगभर सापडल्या, बोललेलं एक वाक्य सापडलं नाही. सोयरिकीले लोक त्यायले मुद्दाम नेत. बाबा गप्प बसत, समोरचे घाबरत अन् आपणच हो म्हणत. (तुझ्या सोयरिकीत तरी बोलाले पाहिजे होतं. तुले राग आहे, मलेही आहे.)

मग अड्याळच्या बाजारात गेलो. तुझ्या घरी आलो नाही, रागावू नको. तुझ्या दारासमोर रस्त्यापलीकडे भैय्यालालचं चहाचं हॉटेल आहे ना, तो म्हणाला, "मास्तर, तुमचे बाबा हर बाजारले इथंच बसत, मागच्या बाकावर. तुमची बहीण पाण्याले निघाली का तिले पाहून उठून जात." मले काही समजेना. रस्ता ओलांडाले काय झालं होतं? घरी येऊन आईले विचारलं. ती म्हणे, "लेकीले लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नाही. आत गेले असते तर तिनं पेला पुढं केलाच असता. नाही कसं म्हणतील?"

बाई, तुले लेकरू झालं नाही, म्हणून बाबा एका पेल्याले भिऊन इतकी वर्षं रस्त्यापलीकडेच बसले. अन् तू समजली, बापानं टाकलं. मीही तेच समजत होतो. हे लिहिता लिहिता मी रडून राहिलो, अन् आई म्हणते, मास्तर असून रडते.

वर्षश्राद्धाले ये. तेरवीले आली नाही, ते सोड.

तुझा,
टेकचंद

ता. क. चरित्र रद्द समज. काकाजीनं त्यात बाबांच्या तोंडी दोन पानांचं भाषण घातलं.

ता. क. दुसरा. खरं काम हे. आई रोज विचारते, "तिनं कधी पाह्यलं असंल का त्यायले?" पाण्याले जाता-येता बाबा तुले दिसले होते काय? दिसले असतील तर तसं आईच्या नावानं लिही. नसतील दिसले, तरी दिसले म्हणूनच लिही. पत्र मीच वाचून दाखवीन. मलेही खरं सांगू नको.