या आवृत्तीत दुरुस्ती नाही

होबार्ट, ३ मार्च

ती. नोएलीन आत्यास,
सा. न. वि. वि.

१. सप्टेंबरात आमच्या कंपनीला सरकारी आदेश आला. लोक ज्यावरून एकमेकांना निरोप पाठवतात त्या आमच्या ॲपमध्ये सरकारला ते निरोप गुपचूप वाचता येतील अशी एक वाट ठेवायची. वापरणाऱ्याला ती कळता कामा नये. असा आदेश आला हे सांगणंही गुन्हा. शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

२. कंपनीत आम्हा चौघांनाच माहीत होतं. वाट मी बांधली. नीट बांधली.

३. ११ नोव्हेंबरला ते अपडेट लोकांकडे गेलं. प्रत्येक अपडेटखाली एक ओळ लिहायची असते. नेहमीची ओळ 'किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा.' ती मला लिहवेना. मी लिहिलं, 'या आवृत्तीत दुरुस्ती नाही.'

४. चाळीस मिनिटांनी कंपनीने ती काढली. तोवर एका पत्रकाराने टिपली होती. त्याने छापली.

५. गेल्या मंगळवारी पोलीस माझा फोन आणि दोन्ही संगणक घेऊन गेले. माझ्यावर आरोप ठेवला आहे. सध्या जामिनावर घरी आहे.

फोनवर तू विचारलंस, नेमकं झालं काय. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद. माझ्या धंद्यातली माणसं यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत.

मी जेवते, झोपते. तुझ्या गुडघ्याचं कळव. लोभ आहेच, तो राहू दे.

टेगन


क्वीनबियन, १२ मार्च

चि. टेगन हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलेलं नाही. तुझा बाप असता तर म्हणाला असता, पोरीने गुन्हा केला तोही व्याकरणशुद्ध. गुडघा आहे तसाच आहे.

काल पोलिसांकडून दोघं आली होती, एक बाई, एक पुरुष. फार सभ्य. त्याने माझे दोन लॅमिंग्टन केक खाल्ले आणि तिसऱ्याकडे बघत बसला. मी दिला नाही. बाईने सहज विचारलं, भाचीचं काही पत्रबित्र? मी म्हटलं, येतं तर, माझी भाची पत्र लिहिते, तुमच्यासारखी फोनवर नुसता अंगठा पाठवून मोकळी होत नाही. बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले ते.

चौतीस वर्षं सरकारी खात्यात टाइप केलं. काय टाइप केलं ते नवऱ्याला, केनलाही, त्याच्या मरणापर्यंत सांगितलं नाही. आणि तुझी एक गोष्ट आठ दिवस पोटात राहिली नाही.

सोमवारी २४ला ते कोर्टाचा कागद घेऊन पत्र न्यायला येणार आहेत. तोवर जपा, नष्ट करणं गुन्हा आहे, असं ती बाई दारात म्हणाली, औषध वेळेवर घ्या म्हणावं तसं. पत्र ब्रेडच्या डब्यात आहे. चूल पेटवण्याइतकी थंडी अजून नाही, पण पेटवली तर कोण विचारतंय. मी चौऱ्याहत्तरची, माझं काय वाकडं करणार? तू सांग. नको म्हणालीस तरी मी विचार करणार आहे.

उपाशी राहू नकोस. माझी माया तुझ्या वागण्यावर कधीच अवलंबून नव्हती.

तुझी आत्या


होबार्ट, १८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकीट कुणी आधी उघडलं होतं का, हे मी तपासलं नाही. तपासून करणार काय? चुलीबद्दल मात्र पुन्हा कुठेही लिहू नकोस.

वकीलबाईंना विचारलं. अपडेटखालच्या ओळीत आदेशाचा उल्लेख नव्हता. तेवढ्यावरून गुन्हा सिद्ध करणं अवघड होतं. सुटण्याची थोडी आशा त्यांना होती. माझ्या पत्रात आदेश आहे, महिना आहे, आम्ही चौघं आहोत, आणि सगळं माझ्या अक्षरात. त्या म्हणाल्या, इतका व्यवस्थित कबुलीजबाब पोलिसांनाही लिहून घेता येत नाही. ॲपवर लिहिलं असतं तर सात दिवसांत आपोआप पुसलं गेलं असतं. अर्थात, त्याआधी त्यांनी वाचलं असतं. वाट उत्तम चालते.

तरी जाळू नकोस. पत्र आहे हे त्यांना माहीत आहे. ते नसलं तर तुला शपथेवर विचारतील, त्यात काय होतं, आणि तुला लॅमिंग्टनबद्दलही खोटं बोलता येत नाही. माझी शिक्षा टळणार नाही, वर तुलाही होईल. तू बोललीस म्हणून हे झालं, असं मनात आणू नकोस. लिहिलं मी.

दुसऱ्याच दिवशी कंपनीने तेच अपडेट नेहमीच्या ओळीसह पुन्हा पाठवलं. नऊ लाख लोकांनी घेतलं. बातमी छापून आल्यावर ॲप सोडणारे दोनशे चौदा. परवा बेकरीत दोघी त्यावरूनच रविवारचं ठरवत होत्या. आत्या, तुझ्या फोनवरही ते आहे.

गुरुवारी २७ला कोर्टात विचारतील, गुन्हा कबूल आहे का. पत्र त्यांच्या हाती असेल तर मी हो म्हणेन. वकीलबाईंच्या मते काही महिने कमी होतील. नसेल तर तिथे उभी राहून मला पहिल्यांदा तुझी काळजी करावी लागेल, आणि तेव्हा काय बोलेन ते आज सांगता येत नाही.

रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस. सोमवारी पत्र त्यांना दे, आणि 'दिलं' एवढं एका ओळीत कळव. उत्तर जलद टपालाने बुधवार, २६ मार्चपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठव.

टेगन