माझ्या थंड झऱ्याची निरवानिरव

मी, टेसा हुडाक, वय सत्तावीस, राहणार बार्कविल, पेनसिल्व्हेनिया, हे माझ्या हाताने आणि माझ्या मनाने लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया आहे. बिघाड झडपेत आहे, डोक्यात नाही. तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण काही जण उलट म्हणतील.

१. माझे वडील स्टीफन हुडाक लाकडाच्या गिरणीत कामाला होते. त्यांच्यामागे टॅनर्स रन या ओढ्याकाठचं घर आणि दोन एकर जमीन माझ्या नावे झाली. घर व जमीन आई, दोलोरेस हुडाक, हिला तहहयात मिळावी. जमिनीत एक थंड झरा आहे. त्याबद्दल शेवटी लिहीन.

२. वडिलांची गळाची काठी आईने ठेवावी. टोमॅटोच्या रोपांना टेकू म्हणून वापरली तरी चालेल. 'टॅनर्स रन गळ व प्रवाहरक्षण मंडळा'तल्या कुणाला देऊ नये. वीस वर्षं मंडळी आमच्या जमिनीतून ओढ्यावर ये-जा करत होती, पण वडिलांना कुणी सभासद केलं नाही. ते मात्र कुंपणाचं फाटक दर मे महिन्यात रंगवायचे, आलेल्यांच्या कपड्यांना गंज लागू नये म्हणून.

३. गळाला लावायच्या पिसांच्या नकली माशा बांधायचा शिकंजा, पिसं, रेशीम, आणि उन्हाळी शिबिरातली जाळी व भिंगं गावच्या शाळेला द्यावीत. मुलं ओढ्यातले दगड उलटे करून खालचे किडे मोजतात आणि दगड पुन्हा तसाच ठेवतात. हे शिबिर मी सुरू केलं. मंडळाच्या झेंड्याखाली ते भरणार असेल, तर सामान देऊ नये.

४. काठावरच्या विलो झाडाच्या तीनशे फांद्या मी तीन उन्हाळ्यांत लावल्या. तिथे मंडळाच्या अध्यक्षांच्या नावाचा फलक आहे. तो काढू नये. झाडं वाढली की आपोआप झाकेल.

५. माझा तापमापक दोरीसकट डॉ. रॉजर व्हॉस, निवृत्त दंतवैद्य व मंडळाचे अध्यक्ष, यांना द्यावा. कारण लिहिणं भाग आहे.

ओढ्याचं पाणी अडुसष्ट अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की ट्राउट माशाला श्वास पुरत नाही. गळाला लागून झुंजला, तर अलगद सोडला तरी पुढे मरतो. म्हणून अडुसष्टच्या वर गळ टाकायचा नाही, हा मंडळाचा पहिला नियम. पाणी मोजायचं ते मधल्या खळाळात. ते काम माझ्याकडे होतं.

गेल्या जुलैच्या मेळाव्याला शहरातून चाळीस पाहुणे आले. दुपारी खळाळात त्र्याहत्तर भरले.

"डॉक्टर, आज काठ्या बाहेर काढता येणार नाहीत."

"अगं बाळ, एवढ्या लांबून आलेल्यांना काय कणसं खायला घालून परत पाठवू?" त्यांनी तापमापक माझ्या हातातून घेतला, आमच्या झऱ्याच्या तोंडाशी बुडवला. "हे बघ. एकसष्ट. लिही."

"हे झऱ्याचं पाणी आहे."

"ओढ्यातच पडतंय ना? का तुमच्या कॉलेजात ओढा वेगळा शिकवला? आणि त्या कॉलेजात तुला धाडलं कुणी?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, ती मंडळाच्या शिष्यवृत्तीवर. मी एकसष्ट लिहिलं. खाली माझी आद्याक्षरं घातली.

उन्हाळ्यात ओढा तापला की मासे जीव वाचवायला झऱ्याच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. पाहुण्यांना शोधावंच लागलं नाही. प्रत्येकाला मासा, प्रत्येकाचा फोटो, मग मासा पाण्यात. आई मांडवात पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढत होती, "घ्या अजून, लाजताय काय!" म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वळणावर राहणारे एल्वुड शेंक आले. "पोरी, चल जरा. नको, कॉफी नको. आधी चल." वळणावर मासे पोट वर करून तरंगत होते. आम्ही दोघांनी हातांनी काढले, एक्केचाळीस. त्यात वाकड्या जबड्याचा एक म्हातारा मासाही होता. वडील त्याला 'मुकादम' म्हणायचे आणि त्याला कधी गळ टाकायचे नाहीत.

ऑगस्टच्या सभेत मेलेल्या माशांचा विषय निघाला, तेव्हा डॉक्टरांनी नोंदवही टेबलावर ठेवली. "अक्षर हिचं आहे. आपण हिच्या शिक्षणावर विश्वास ठेवला." मी खरं काय ते सांगितलं. बावीस सभासद आपापल्या टोपीकडे बघत बसले. मंडळातून माझं नाव कमी झालं.

डॉक्टरांना मी क्षमा केलेली नाही. पण हात माझा होता, हेही इथे नोंदवते. त्या वहीतला तो आकडा कुणी खोडू नये. बाजूला खरा लिहावा: त्र्याहत्तर. तापमापकाची दोरी लांब आहे, खळाळापर्यंत पोचते.

६. झरा. मार्चमध्ये मंडळाचं पत्र आलं की वडिलांनी झरा मंडळाला द्यायचा शब्द तोंडी दिला होता. आई म्हणाली, "तुझे बाबा त्यांच्यासमोर टोपी काढून उभे राहायचे. म्हणून त्यांना वाटतं, जमीनही काढून देतील."

तर झऱ्याचा तुकडा आईच्या पश्चात राज्याच्या मत्स्यखात्याकडे जावा. अट एकच: जून ते सप्टेंबर तिथून शंभर पावलांत कुणीही गळ टाकू नये, खात्याच्या साहेबांनीसुद्धा. मंडळाला, डॉ. व्हॉस यांना किंवा त्यांच्या वारसांना तो कधीही देऊ नये. यातला 'वारसांना' हा शब्द आईच्या सांगण्यावरून खोडला आहे. ("त्या लेकरांनी काय केलंय गं?") खोडलेल्या जागी सही केली आहे.

७. माझी राख ओढ्यात किंवा झऱ्यात सोडू नये. पाणी बिघडतं. वडिलांशेजारी पुरावी.

एल्वुडना काही देता येत नाही, कारण ते साक्षीदार आहेत. ते म्हणाले, "मला काय करायचंय? पण मरणाच्या कागदावर पाण्याचा ताप कशाला?"

"गेल्या वर्षी साक्षीदार नव्हता म्हणून."

मग ते गुडघ्यापर्यंत पाण्यात आले.

स्थळ: टॅनर्स रन, मधला खळाळ
दिनांक: ९ जून २०२३, सकाळी सात

सही: टेसा हुडाक

साक्षीदार: एल्वुड शेंक, शेजारी
साक्षीदार: रूथ झिमरमन, टपालवाटप

पाणी एकोणसाठ अंश. आधी मी वाचलं, मग एल्वुड यांनी चष्मा लावून, मग रूथ यांनी. तिघांचा आकडा एकच आला.